डावीकडचा ब्रेक

तीसेक वर्षं मी गाडीत डावीकडच्या सीटवर बसलो. त्या सीटवर बसून लोक शेतं पाहतात, शेंगा खातात, डुलक्या काढतात. मी तिथं बसून घाबरायचं काम केलं, आणि त्यावर आमचं घर चाललं.

कारंजा लाडला माझं मोटर ट्रेनिंग स्कूल आहे. स्कूल म्हणजे एक बोर्ड, एक लहान पांढरी गाडी आणि मी. गाडीही काही खास नव्हे. नवरा-बायको पुढे, दोन पोरं मागे आणि डिकीत लग्नाच्या आहेराची पिशवी, एवढ्यासाठी लोक जी गाडी घेतात तीच. घरात तिला आम्ही नुसतं ‘पांढरी’ म्हणतो. या पांढरीला लांब पल्ल्याच्या रॅलीत ढाल मिळाली, तेव्हा या दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला, की त्या विजयाबद्दल लिहा. लिहितो. पण विजय वगैरे मला त्या तीन दिवसांत कधी वाटला नाही. भीती वाटली, आणि ती आधीपासून सांगितल्याशिवाय ढालीची गोष्ट कळायची नाही.

ज्यांनी गाडी कधी शिकली नाही त्यांच्यासाठी धंद्यातली एक गोष्ट आधी सांगतो. शिकवणीच्या गाडीत शिकणारा उजवीकडे बसतो. त्याच्या पायाखाली नेहमीची तीन पेडल असतात. माझ्या पायाखाली दोन, क्लच आणि ब्रेक. खालून लोखंडी दांडी टाकून ती त्याच्या पेडलांना जोडलेली असतात, म्हणजे मी दाबलं की त्याचंही दाबलं जातं. अ‍ॅक्सिलरेटर मात्र माझ्याकडे नाही. गाडी पळवणं त्याच्या पायात, थांबवणं माझ्या. आता या वाटणीत झोप कुणाला लागणार?

आणि माणसं तरी काय एकेक! एक सिस्टरबाई होत्या. इंजेक्शन देताना हात हलायचा नाही, पण गिअर बदलताना दोन्ही डोळे गच्च मिटायच्या. एक पाटील होते, साठी उलटलेले. मुलानं गाडी घेऊन दिली, पण सारा जन्म बैलांमागे गेलेला. समोर म्हैस आली की पाटील स्टिअरिंग कासऱ्यासारखं मागे ओढायचे आणि ओरडायचे, “हो! हो! होऽ रे!” पाय जागचा हलायचा नाही. मी आपला ब्रेक दाबायचो. गाडी थांबली की पाटील मिशीवरून हात फिरवून म्हणायचे, “पाह्यलं उस्ताद? आयकते गाडी!” शेवटपर्यंत त्यांची खात्री होती की गाडी त्यांचंच ऐकते. खरं सांगायचं माझ्या जिवावर आलं, आणि आमच्या घरात मात्र ‘पाटलावानी ओरडू नको’ ही म्हणच पडून गेली.

माझी शिकवायची रीत एकच. चालवणाऱ्यानं जे दिसेल ते मोठ्यानं बोलायचं. “सायकल दिसली. पोरगं दिसलं. डावीकडं बकऱ्या.” तोंड बंद झालं की समजायचं, डोळेही बंद झाले. मग माझा उजवा पाय ब्रेकवर जायचा. बाजारातून आमची गाडी निघाली की दुकानदार म्हणायचे, आली उस्तादची कॉमेंट्री. हसोत बिचारे. त्या कॉमेंट्रीनं आणि माझ्या उजव्या पायानं कारंज्यात किती जीव वाचवले हे हसणाऱ्यांना काय ठाऊक, असं मी मनात म्हणायचो. त्या पायाचा मला भारीच अभिमान होता.

तोच पाय बिघडला. साखरेनं. रॅलीच्या दोनेक वर्षं आधी सुरुवात मुंग्यांनी झाली. तळव्याला सारख्या मुंग्या येत. मग मुंग्याही थांबल्या, तेव्हा मला वाटलं, चला, बरा झाला. एकदा भाजी घेऊन घरी आलो तर मागून माझी बायको सुमन आली, हातात माझी चप्पल. म्हणाली, “चौकातच गळाली तुमची. तुमी तसेच चालत आले.” माझ्या एका पायात चप्पल नव्हती, आणि ते मला ती दाखवेपर्यंत माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी बारीक दोऱ्यासारखं काहीतरी अंगठ्याला टेकवून विचारलं, “लागतंय का?” मी म्हणालो, लागतं. पुन्हा विचारलं, पुन्हा म्हणालो, लागतं. बाहेर आल्यावर सुमन म्हणाली, “तुमी डॉक्टरच्या हाताकडं पाहून सांगून राह्यले होते. डोये मिटून सांगा बरं.” मी म्हणालो, बोटं जराशी बधिर आहेत, टाच आणि चवडा ठणठणीत आहे. ब्रेक चवड्यानं दाबतात. चवडा शाबूत तर उस्ताद शाबूत.

पण भीती पोटात बसली. शिकाऊ माणूस शेजारी बसला की मी रस्त्याऐवजी आपल्या पायाकडं बघू लागलो, तो पेडलवर आहे की नाही हे तपासायला. तशात एकदा ब्रेक लागायला उशीर झाला आणि पांढरी रसवंतीच्या बाकावर जाऊन टेकली. बाकावर कुणी बसलेलं नव्हतं, म्हणून निभावलं. घरी येऊन मी पाणी प्यालो आणि सुमनला सांगितलं, “बस झालं. बोर्ड उतरवतो. गाडी विकून टाकू.”

सुमन जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. नुकतीच निवृत्त झाली होती. गाडी तिला मीच शिकवली होती, दर चौकात भांडत भांडत, पण ती चालवायची ते वाशीमपर्यंत आणि मी शेजारी असेन तेव्हाच. ती म्हणाली, “बोर्ड कायले उतरवता? मी बसीन डावीकडं. रीतसर परवाना काढीन. बाया तर कवाच्या म्हणून राह्यल्या, मॅडम तुमी शिकवा.”

मला राग आला. खरं तर राग नव्हता, धास्ती होती. उजवीकडे बसणं वेगळं, डावीकडे बसणं वेगळं. दुसऱ्याच्या हातात गाडी आणि आपल्या पायात त्याचा जीव. मी म्हणालो, “तुह्या हातात मी आजपर्यंत एकटी गाडी देली नाही, आणि तू लोकाईचे जीव सांभाळतो म्हणते?”

ती म्हणाली, “देली नाही, म्हणूनच तुमाले माहीत नाही.”

या भांडणात रॅली शिरली. माझा एक जुना विद्यार्थी नागपूरला असतो. त्याचा मोबाइलवर निरोप आला, ‘उस्ताद, तुमच्या चालीची स्पर्धा निघाली. जो लवकर पोचते तो हारते.’ तिथल्या एका मोटार क्लबानं तीन दिवसांची रॅली ठेवली होती, नागपूरहून निघून वऱ्हाड-मराठवाड्यातून फिरून परत नागपूर. घरच्या साध्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग होता. मी तो निरोप वाचून बाजूला ठेवला. सुमननं नाही ठेवला.

तिची अट सरळ होती. रॅलीभर गाडी ती चालवील. मी शेजारी बसून रस्ता सांगायचा. तीन दिवसांत एकदाही मला तिला थांबवायची गरज पडली नाही, तर बोर्ड राहील, गाडी राहील आणि डावीकडे ती बसेल. एकदाही गरज पडली तर गाडी विकायची, त्यावर ती चकार शब्द काढणार नाही. मी कबूल झालो, कारण मला पक्कं ठाऊक होतं, गरज पडणार. माझ्या सीटवरून मी असा एकही दिवस पाहिला नव्हता, ज्या दिवशी गरज पडली नाही.

पण क्लबानं कळवलं, की दुसरी पेडल चालणार नाहीत, काढून या. हे वाचून माझ्या तोंडचं पाणी पळालं. शिकवणाऱ्याला ब्रेकशिवाय डावीकडे बसायला सांगणं म्हणजे पोहणाऱ्याचे हात बांधून विहिरीत सोडणं. शकीलभाईंच्या गॅरेजात गाडी नेली. त्यांनीच ती पेडल कैक वर्षांपूर्वी बसवली होती. त्यांनी दांडी काढली, पेडल काढली, पण पेडलचा खालचा एक बोल्ट गंजून बसला होता.

“उस्ताद, जाम झाला ना हा. जादा खिचला तर खालचा पत्रा फाटते. वरून काटून टाकतो, मॅट टाकून देतो. जरा पाय टाकून पाहा, लागते का.”

मी मॅटवर उजवा पाय ठेवला, इकडून तिकडं फिरवला, दाबून पाहिला. काहीच लागलं नाही. म्हणालो, “एकदम बराबर आहे शकीलभाई.”

आता ही रॅली म्हणजे काय, ते सांगतो, कारण कारंज्यात भेटेल तो विचारायचा, “उस्ताद, किती स्पीडनं पळवली?” ही पळवायची स्पर्धाच नव्हे. चालू रस्ता, त्यावर एसटी, मोटारसायकली, गुरं सगळं. निघताना हातात एक पुस्तक देतात. त्यात पानोपानी बाण काढलेले असतात, इथं डावीकडे, तिथं उजवीकडे, अमक्या देवळापासून पुढे ताशी एवढी सरासरी. सरासरी अशी साधी, की आपण लग्नाला जाताना त्याहून जोरात जातो. वाटेत कुठंतरी, झाडाआड किंवा चहाच्या टपरीमागं क्लबाची माणसं घड्याळ घेऊन लपलेली असतात. ठरल्या वेळेपेक्षा उशिरा आलात तर दंड, आणि आधी आलात तर दुप्पट दंड. म्हणजे मोठ्या गाडीचा जोर इथं कामाचा नाही. एकसारखं चालवणाऱ्याची गाडी वर येते, मग ती आमच्यासारखी कुटुंबाची का असेना.

आणि पांढरीला दुसरं काही येतच नव्हतं. वर्षानुवर्षं ती शिकाऊ लोकांच्या पायाखाली एकाच चालीनं चाललेली. सुमनचा पायही तसाच, वर्गात एका चालीत पाढे म्हणून घेणाऱ्या बाईचा. पहिल्या दिवशी संध्याकाळी दंडाचा कागद लागला तेव्हा सगळ्यांत कमी दंड म्हणून आमचं नाव वर होतं. रुंद टायरच्या जीपवाल्यांनी येऊन पांढरीचं बॉनेट उघडून पाहिलं, आत काय बसवलंय म्हणून. आत धूळ होती.

माझी मात्र दशा झाली होती. रॅलीत बंद बूट लागतात म्हणून सुमननं मला पांढरे कॅनव्हासचे घेऊन दिले होते. ते घालून मी तिथं बसलो, मांडीवर पुस्तक, आणि पायाखाली जिथं ब्रेक असायचा तिथं नुसता मॅट. कुत्रं आडवं आलं, दाबला पाय. पुढचा ट्रक हळू झाला, दाबला पाय. सुमन बोलत होती, “ट्रक दिसला. कुत्रं दिसलं. पोट्टे शाळेत चालले.” तरी माझा पाय ऐकेना.

“तुमी जमीन कायले खोदून राह्यले?” ती समोर बघतच म्हणाली.

“सवय आहे.”

“गाडीले आता ब्रेक एकच आहे. तो माह्यापाशी आहे. ध्यानात ठेवा.”

ध्यानात होतं म्हणूनच तर घाम फुटत होता. मी तोंडानं बाण वाचायचो आणि मनात देवाचं नाव घ्यायचो. दोन्ही एकदम करताना एकदा ‘गजानन महाराज, डावीकडे’ असं तोंडातून गेलं. सुमन हसली आणि डावीकडे वळली.

दुसऱ्या दिवसाचा मुक्काम वाशीमला होता. तिसऱ्या दिवशी वाशीमहून मालेगाव, तिथून आमचं कारंजा, पुढे धनजवरून अमरावती आणि नागपूर. म्हणजे अर्धा दिवस आपल्याच मुलखातून जायचं. सगळे म्हणाले, उस्ताद, आता ढाल तुमचीच, तुमाले तर रस्ता पाठ आहे. मलाही तसंच वाटलं. दोन दिवसांत पहिल्यांदा माझी छाती जरा सैल झाली, आणि तिथंच घोटाळा झाला.

मालेगावात चौकात दोन जुने विद्यार्थी हार-नारळ घेऊन उभे होते. त्यांना हात दाखवून आम्ही पुढे निघालो. शेलूबाजारकडचा रस्ता. कुठं खड्डा आहे, कुठं गतिरोधक आहे ते मला तोंडपाठ. किती जणांना मी त्या रस्त्यावर टॉप गिअर शिकवला असेल. मी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं आणि खिडकीतून बघू लागलो.

“पान काय म्हणते?” सुमननं विचारलं.

“पान कायले पाह्यजे आता? सिधी चाल. घरचा रस्ता आहे.”

“पाहून तर सांगा.”

“अवो मास्तरीणबाई, या रस्त्यानं माह्ये केस पांढरे झाले!”

बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं, की पुढे रॅलीची एकही गाडी दिसत नाही आणि मागेही नाही. पुस्तक उघडलं. बाण डावीकडे होता. एका बारक्या रस्त्यानं दोन गावं फिरवून पुन्हा याच रस्त्यावर आणायचं, असं क्लबाच्या लोकांनी ठरवलं होतं. पुण्यामुंबईचे लोक पान वाचून निमूट वळले होते. चुकला तो फक्त इथं जन्मलेला माणूस. मला फार ओशाळं झालं. नुसतं बोटानं मागे दाखवलं.

सुमननं आरशात पाहिलं. गाडी वळवली, मागे आलो, त्या बारक्या रस्त्यात शिरलो. मग म्हणाली, “किती उशीर झाला?”

“लय झाला. जाऊ दे. हळू चाल. दंड होईल तर होईल.”

“दोन दिवस कशापाई बसली मंग मी?”

आणि तिनं पाय दाबला. नियमाबाहेर नव्हे, पण पांढरीला मी इतकं पळताना कधी पाहिलं नव्हतं. बारका रस्ता, दोन्हीकडं पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, उभी रानं, वळणापलीकडचं काही दिसत नाही. मी दाराची मूठ धरली. आणि त्यात ती बोलायची थांबली. दोन दिवस चाललेलं ते ‘दिसलं, दिसलं’ एकदम बंद. नुसता इंजिनाचा आवाज. मला तर गाडीत अंधार झाल्यासारखं वाटलं.

“सुमन, बोल ना! काय दिसून राह्यलं ते बोल!”

“बोलू का पाहू?”

“तोंड बंद म्हणजे डोये बंद!”

“शिकणाऱ्याचे,” ती म्हणाली. “मी शिकली.”

पुढच्याच वळणावर शेतातून ट्रॅक्टर निघाला. मागं ट्रॉली, ट्रॉलीत उपटलेल्या पऱ्हाट्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेल्या, रस्ता पूर्ण अडवून आडवा. ड्रायव्हरचं लक्ष मागं, ट्रॉलीकडं. मी होतं नव्हतं ते बळ एकवटून उजवा पाय खाली दाबला. कंबर सीटवरून उचलली गेली. दोन्ही हात डॅशबोर्डवर, आणि तोंडातून ओरडलो, “हो! हो! होऽ!”

पांढरी थांबली. पऱ्हाटीची काटकं बॉनेटवर खरखर वाजली, एवढीच. मी डोळे उघडले तेव्हा माझा पाय मॅटवर तसाच रुतलेला होता, आणि क्षणभर मला खरंच वाटलं, की मी थांबवली. तीस वर्षांत जसं वाटायचं तसंच वाटलं. आणि त्या भीतीतही थोडं बरं वाटत होतं.

सुमननं हात-ब्रेक ओढला. माझ्याकडं वळली. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं होतं.

“आयकली का गाडी?” ती म्हणाली.

मग मला कळलं मी काय ओरडलो होतो. पाटलावानी. हसायला यायला हवं होतं, पण आलं नाही. ट्रॅक्टरवाला खाली उतरून हात जोडून म्हणाला, “चुकी झाली बावा, लागलं तर नाही?” आणि ट्रॉली सरळ करून निघून गेला. आम्हीही निघालो. थोड्या वेळानं मी म्हणालो, “पाय दाबायची गरज पडली. तुही अट होती.”

“गाडी कोणी थांबवली?”

“गरज तर पडली ना? मी दाबला म्हणजे पडली.”

“तुमी काय दाबलं? मॅट?”

मी पुढचं पान उलटलं, पण मनातून हटलो नाही. जी बाई पहिल्यांदाच जोरात चालवताना ट्रॅक्टरखाली जाता जाता वाचली, तिला मी डावीकडे बसवणार नाही. कारंज्याला क्लबाच्या वेळ नोंदायच्या चौकीवर पोचलो तेव्हा बराचसा उशीर भरून निघाला होता. आमच्या गल्लीतले लोक टाळ्या वाजवत होते, बायका सुमनचं नाव घेऊन ओरडत होत्या. मी काच वर केली. धनज गेलं, अमरावती गेली, मी फक्त बाण वाचत होतो, आता एकही न चुकता, आणि गाडी विकायची ती कुणाला याचा विचार करत होतो. सुमन पुन्हा बोलू लागली नव्हती. मला वाटलं, रागावली आहे. मग पाहिलं तर ती शांतपणे चालवत होती, आणि मला ते रागापेक्षा जास्त टोचलं.

दुपार कलताना नागपूर आलं. मैदानात मंडप, लहानसं व्यासपीठ, त्यावर पांढरी चादर अंथरलेली. घरगुती गाड्यांच्या वर्गात आमचा दुसरा नंबर आला. पहिला कुणाच्या पुस्तक मिटण्यामुळे गेला हे सुमननं आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आमचं नाव पुकारलं, लोक उठून उभे राहिले. शिकवणीची गाडी म्हणून जास्तच टाळ्या पडल्या. पुढे ती, मागे मी. ढाल हातात घेतली, फोटो झाला, आणि खाली उतरायला वळलो, तर सुमन जागीच थांबली. ती चादरीकडं पाहत होती.

चादरीवर माझ्या बुटाचे ठसे होते. डावे धुळीचे, उजवे लाल.

“तुमच्या पायाले काय झालं?”

“काही नाही,” मी म्हणालो. खरोखरच काही वाटत नव्हतं.

तिनं मला पायरीवर बसवलं. ढाल बाजूला ठेवली आणि सगळ्यांसमोर माझ्या पायाशी बसून बूट काढला. कॅनव्हासच्या तळाला भोक होतं. चवड्यात, नेमकं जिथं ब्रेक दाबतात तिथं, खोल जखम. गाडीकडं कुणी धावत गेलं, मॅट उचलला. कापलेल्या बोल्टचं धारदार टोक मॅट फाडून वर आलं होतं. तीन दिवस मी त्यावर पाय दाबत होतो. त्या ट्रॅक्टरपाशी तर सगळं अंग त्यावर टाकलं होतं, तेव्हा ते मॅट आणि बूट फाडून चवड्यात शिरलं.

“दुखत नाही?” सुमननं विचारलं. जखमेवर तिचं बोट होतं.

मी डोळे मिटले आणि खरं सांगितलं. “नाही.”

त्या पायरीवर बसून मला जी भीती वाटली, तशी वळणावरही वाटली नव्हती. माझा चवडा शाबूत नव्हता. रसवंतीच्या बाकावर कुणी बसलेलं असतं तर? गेली दोन वर्षं कारंज्याची पोरंबाळं ज्या पायाच्या भरवशावर रस्ता ओलांडत होती, त्या पायाला ब्रेक कुठला आणि बोल्ट कुठला हे कळत नव्हतं. सुमन मान खाली घालून रुमाल बांधत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी पडत होतं. अटीबद्दल ती काही बोलली नाही. मीच बोललो.

“डावीकडं तू बस.”

जखम भरायला फार वेळ लागला. साखरेच्या माणसाची अशी जखम म्हणजे पाय जाण्याचीच धास्ती, पण गेला नाही. सुमननं रोज ड्रेसिंग केलं. शकीलभाई घरी येऊन रडले, “उस्ताद, माह्या हातून गुन्हा झाला.” मी म्हणालो, “तुमी मले पाय टाकून पाहा म्हटलं होतं ना? मी पाह्यलं. मले कुठी लागलं?” त्यांनी तो बोल्ट घासून सपाट केला, पेडल पुन्हा बसवली. सुमननं परवाना काढला. आता बोर्डावर तिचं नाव आहे, आणि शिकायला येणाऱ्यांत बायकाच जास्त.

मी घरासमोर खुर्ची टाकून बसतो. पहिले काही महिने गाडी गल्लीबाहेर गेली की परत येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा. एकदा न राहवून विचारलं, “दिवसातून किती खेप ब्रेक दाबावा लागते तुले?”

“कमीच,” ती म्हणाली. “मी पाय पेडलाजवळ ठेवते, पण त्यायले पहिले दाबू देते. जराक घाबरू देते. तुमचे लोक तुमच्या पायानं थांबत होते. माह्ये त्याईच्या पायानं थांबतात.”

मी पाटलांचा विचार करत राहिलो. बिचारे हयात असेपर्यंत समजत होते की गाडी ऐकते.

आजही संध्याकाळी पांढरी शेवटची शिकवणी आटोपून गल्लीत वळते. आत कुणीतरी नवं माणूस घाबरत घाबरत बोलत असतं, सायकल दिसली, मांजर दिसलं, उस्ताद दिसले. गाडी दाराजवळ येते, हळू होते, थांबते. आणि खुर्चीत बसल्या बसल्या माझा उजवा पाय जमिनीवर दाबलेला असतो. तो दाबला गेला आहे, हे मला खाली पाहिल्यावरच कळतं.